पाण्यात उरते ते कोणाचे अन्न?

मार्च २०१६ मध्ये बंगळूरच्या मध्यवस्तीतील अलसूर तलावाच्या काठी फिरावयास येणाऱ्या नागरिकांना पाण्यावर हजारो मेलेले मासे तरंगताना दिसले. अशा वेळी पाण्यात कोणी विष कालवले असावे, ही शंका लोकांच्या मनात प्रथम येते, आणि ती अस्वाभाविकही नाही. परंतु याच शहराच्या उत्तरेस, यलहंक्याच्या वाटेवर, जक्कूर नावाचा सुमारे १६० एकरांचा एक तलाव आहे. त्यातही शहराचे मैलापाणी शुद्ध होऊन येते, आणि तरीही तेथे मच्छीमार जाळी टाकतात, रोहू आणि कटला विकावयास नेतात, आणि पाणकावळे व झोळीवाले पक्षी वर्षभर आपला वाटा घेतात. शहर एक, मैला एक, माशांच्या जातीही बहुतांशी त्याच. मग एका तलावात मासे मरावेत आणि दुसऱ्यात पोसले जावेत, हे कसे?

या प्रश्नाच्या उत्तरात आजच्या मत्स्यशेतीचे जवळजवळ सगळे नवे शास्त्र सामावले आहे. मासे वाढविणे ही तितकीशी कठीण गोष्ट नाही. माशांनी खाऊन, टाकून आणि विसर्जून जे पाण्यात उरते त्याची व्यवस्था लावणे कठीण आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगभर ज्या पद्धती निघाल्या, त्या वरकरणी कितीही निरनिराळ्या दिसल्या तरी त्या सर्वांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: उरलेले कोणी खावयाचे?

बंगळूरला हा प्रश्न इतर शहरांहून अधिक निकडीचा आहे, कारण समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर वसलेल्या या शहराजवळून एकही मोठी नदी वाहत नाही. शहर वसविणाऱ्या केंपेगौडांच्या काळापासून, आणि १६३८ नंतर हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला तेव्हाही, येथील वस्ती तलावांवरच जगत होती. हे तलाव सुटे नव्हते. वरच्या तलावाचा सांडवा राजकालुवे नावाच्या कालव्यांतून खालच्या तलावास मिळे. त्याच कालव्यांतून आता मैला वाहतो, आणि एका तलावात जे पचले नाही ते पुढच्या तलावाच्या पदरी पडते.

पहाटे मासे का मरतात?

आपण ज्या हवेत श्वास घेतो तिच्या एका लिटरात सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो. पंचवीस अंश उष्णतेच्या पाण्यात मात्र, समुद्रसपाटीवर, एका लिटरात जेमतेम आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. बंगळूरच्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे तो साडेसातच्या आसपासच राहतो. म्हणजे मासा जन्मतःच टंचाईच्या प्रदेशात राहतो. रोहू-कटल्यासारख्या माशांना चार-पाच मिलिग्रॅम मिळाले तर ते सुखाने खातात व वाढतात. प्रमाण दोनच्या खाली गेले की ते पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू-मिटू लागतात, आणि तेथूनही खाली गेले की मरतात.

तलावाला प्राणवायू दोन मार्गांनी मिळतो. थोडा वाऱ्याने आणि लाटांनी पाण्यात मिसळतो. बराचसा पाण्यातील सूक्ष्म हिरवे शैवाल सूर्यप्रकाशात निर्माण करते. परंतु रात्री प्रकाश नसल्यामुळे तेच शैवाल प्राणवायू निर्माण न करता नुसता घेत राहते. मासे तर अहोरात्र घेतातच, आणि तळाशी साचलेला मैला कुजविणारे सूक्ष्मजीव सर्वांहून अधिक घेतात. म्हणून अतिपोषित तलावाची स्थिती रोजंदारीवर जगणाऱ्या मोठ्या कुटुंबासारखी असते: दिवसा मिळकत भरपूर, पण शिल्लक काहीच नाही, खाणारी तोंडे जितकी अधिक तितका रात्रीचा खर्च मोठा, आणि एखाद्या दिवशी आभाळ भरून आल्याने कमाई बुडाली की दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत घरात दाणा उरत नाही.

सूर्योदयापूर्वीचा तास हा म्हणूनच तलावातील सर्वांत धोक्याचा तास होय. त्यातच उन्हाळ्याच्या तोंडी एखादी वळिवाची सर आली तर गटारांत महिनोन्महिने बसलेला गाळ एकदम तलावात लोटला जातो, तो कुजविण्यासाठी सूक्ष्मजीवांची मागणी अकस्मात वाढते, आणि कोणीही विष न घालता हजारो मासे एका रात्रीत गुदमरतात.

दुपारचा दुसरा धोका

प्राणवायूची कथा पुष्कळांना ठाऊक असते. अमोनियाची तितकीशी नसते, आणि मत्स्यशेतीत मात्र तिच्यावाचून पाऊल पुढे पडत नाही.

मासा प्रथिने खातो, आणि प्रथिनांत सुमारे सोळा टक्के नत्र असते. समजा, तीस टक्के प्रथिनांचे शंभर किलो खाद्य आपण तळ्यात घातले. त्यात तीस किलो प्रथिने, म्हणजे ४.८ किलो नत्र गेले. माशाच्या मांसात यांतील साधारण चौथा हिस्साच, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास, बांधला जातो. उरलेले साडेतीन किलो नत्र पाण्यातच राहते, आणि त्यातील बराच भाग माशाच्या कल्ल्यांतून अमोनियाच्या रूपाने बाहेर पडतो. शेतकऱ्याने विकत आणलेल्या खाद्याचा सर्वांत महाग अंश प्रथिनांचाच असतो. तेव्हा त्याचा तीन-चतुर्थांश पैसा पाण्यात जातो, आणि तेथे तो विषही होऊ शकतो.

‘होऊ शकतो’ असे म्हणण्याचे कारण हे की, पाण्यात अमोनिया दोन रूपांत वावरतो. एक रूप विद्युद्भारित असून माशाला फारसे बाधत नाही. दुसरे भाररहित असून ते कल्ल्यांतून थेट रक्तात शिरते. पाणी जितके अल्कधर्मी आणि उष्ण, तितके दुसऱ्या रूपाचे प्रमाण अधिक. भर दुपारी शैवाल पाण्यातील कर्बवायू ओढून घेते, त्यामुळे पाण्याची आम्लता कमी होते, आणि सकाळी निरुपद्रवी असलेला तोच अमोनिया तीन वाजता घातक ठरतो. अशा रीतीने ज्या तलावात शैवाल मातले आहे, तेथे मासा दुपारी अमोनियाने आणि पहाटे प्राणवायूच्या अभावाने छळला जातो. या दोन्ही संकटांचे मूळ एकच: पोषक द्रव्ये आली, परंतु ती उचलणारे कोणी नव्हते.

जक्कूरची साखळी

जक्कूर येथे ती उचलण्याची तजवीज आहे. तलावाच्या वरच्या अंगास मुळात दररोज एक कोटी लिटर पाणी शुद्ध करण्याच्या क्षमतेचे मैलापाणी शुद्धीकरण केंद्र बांधले गेले. तेथे सेंद्रिय घाण कुजवून तिची प्राणवायूची भूक आधीच भागविली जाते. हे काम तलावात न होता केंद्रातील टाक्यांत होते, हा पहिला मोठा लाभ. परंतु केंद्रातून बाहेर पडणारे पाणी दिसण्यात स्वच्छ असले तरी त्यात नत्र आणि स्फुरद पुष्कळ उरलेले असतात. ते सरळ तलावात गेले असते, तर शैवालाचे रान माजून वरील दोन्ही संकटे पुन्हा उभी राहिली असती.

म्हणून केंद्र आणि तलाव यांच्यामध्ये एक उथळ पाणथळ राखली आहे. तीत पाणकणीस, जलपर्णी आणि इतर पाणवनस्पती वाढतात. त्यांची मुळे नत्र-स्फुरद ओढून घेतात. त्यांच्या बुडालेल्या देठांवर सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर बसतो आणि तोही पाणी गाळतो. आणि तळाच्या प्राणवायूविरहित चिखलात दुसऱ्या जातीचे सूक्ष्मजीव नायट्रेटमधील प्राणवायू वापरून नत्र वायुरूपाने हवेत सोडून देतात. भारतीय विज्ञान संस्थेतील टी. व्ही. रामचंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सर्व रचनेचा अभ्यास करून, शहराच्या पाणीटंचाईवर ती एक टिकाऊ, आदर्श उपाय ठरू शकेल, असे २०१४ च्या सुमारास मांडले.

पाणथळीतून झिरपलेले पाणी तलावात येते तेव्हा त्यात पोषक द्रव्ये उरतात ती मर्यादित प्रमाणात. त्यांवर शैवाल वाढते, शैवालावर सूक्ष्म प्राणी, आणि त्यांवर मासे. आपल्याकडील प्रमुख कार्प मासे एकाच तळ्यात भांडण न करता राहतात याचे कारण त्यांची पंगत वेगवेगळ्या थरांत बसते: कटला पृष्ठभागाजवळील प्लवक खातो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. त्यांना पुराच्या वाहत्या पाण्याची ओढ लागते. म्हणूनच पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात, अन्य माशांच्या पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे टोचण देऊन या कार्पांना बंदिस्त पाण्यात अंडी घालावयास लावले, आणि नद्यांवरील तो भार उतरला. त्या दिवसाचे स्मरण म्हणून १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. एक टन ताज्या माशांत सुमारे पंचवीस किलो नत्र आणि चार-पाच किलो स्फुरद असते. याचा अर्थ, तलावातून काढलेली प्रत्येक टनभर मासळी इतकी पोषक द्रव्ये पाण्यातून कायमची बाहेर नेते. मच्छीमार तलावाचा केवळ उपभोक्ता नसून त्याचा सफाईदारही असतो. हेच जलपर्णीलाही लागू आहे: ती वाढते तोवर पाणी शुद्ध करते, परंतु वेळेवर कापून बाहेर काढली नाही तर कुजून घेतलेले सर्व परत देते. जक्कूर परिसरातच असलेल्या अशोका ट्रस्ट या संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी तलावाच्या पाण्याची मोजमापे घेतली आहेत, आणि अशी देखरेख सतत चालू असणे हाच मला या पद्धतीचा प्राण वाटतो.

एक इशारा मात्र स्पष्टपणे दिलाच पाहिजे. ही पद्धत घरगुती मैलापाण्यासाठी आहे, तेही शुद्धीकरणानंतर. ज्या तलावांत कारखान्यांचे सांडपाणी उतरते तेथे जड धातू येतात. ते कुजत नाहीत, हवेत उडून जात नाहीत, चिखलातून मासळीत आणि मासळीतून माणसात साठत राहतात. बेल्लंदूरच्या तलावावर फेस आणि अग्नी पाहिलेल्या शहराने हा भेद कधीही विसरू नये.

टाकीतील तळे

ज्याच्याजवळ तलाव नाही, केवळ चार गुंठे जागा आणि एक कूपनलिका आहे, त्याच्यासाठी दोन पद्धती पुढे आल्या. केंद्र सरकारने १० सप्टेंबर २०२० रोजी सुरू केलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत दोहोंसाठी अनुदानाची तरतूद असल्यामुळे कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही ताडपत्रीच्या गोल टाक्या दिसू लागल्या.

पहिली पद्धत पुनर्चक्रणाची. टाकीतील पाणी प्रथम जाळीतून जाऊन विष्ठा आणि उरलेले खाद्य वेगळे होते. मग ते प्लास्टिकच्या असंख्य लहान तुकड्यांनी भरलेल्या पेटीतून जाते. त्या तुकड्यांवर सूक्ष्मजीवांच्या वसाहती बसलेल्या असतात. एक वर्ग अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट, आणि नायट्रेट माशाला पुष्कळच कमी बाधते. पाणी नव्वद टक्क्यांहून अधिक पुन्हा वापरले जाते. उरलेले नायट्रेट कोथिंबीर किंवा पालेभाज्यांच्या मुळांशी सोडले की भाजीही निघते.

दुसरी पद्धत बायोफ्लॉकची. इस्रायलचे शास्त्रज्ञ योराम अव्निमेलेख यांनी तिचा शास्त्रीय पाया १९९९ मधील एका निबंधात नीट मांडला. त्यांचा विचार असा की, नत्र बाहेर कशाला काढावयाचे? पाण्यात सूक्ष्मजीवांना अमोनिया भरपूर मिळतो, पण शरीर बांधण्यासाठी कर्ब कमी पडतो. तेव्हा पाण्यात गूळ, काकवी किंवा पिठासारखे कर्बयुक्त द्रव्य घालून कर्बाचे प्रमाण नत्राच्या दहा ते वीस पट ठेवावे. मग सूक्ष्मजीव अमोनिया शोषून भराभर वाढतात, त्यांचे शैवालासह तपकिरी गुच्छ बनतात, आणि तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, किंवा कोळंबी ते गुच्छ खाते. जे विष होणार होते ते दुसऱ्यांदा खाद्य झाले. ही कल्पना मला मत्स्यशास्त्रातील अत्यंत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते.

तिचा व्यवहार मात्र कठोर आहे. एवढे मासे आणि एवढे सूक्ष्मजीव एकाच टाकीत श्वास घेत असल्यामुळे हवेचा पंप अहोरात्र चालला पाहिजे. वीज गेली आणि जनित्र वेळेवर सुरू झाले नाही, तर तासाभरात सगळे पीक जाते. शिवाय विजेचे देयक मासळीच्या भावातून भागवावे लागते. अनुदान टाकीसाठी मिळते, पहाटे तीन वाजता उठून पंप पाहण्यासाठी मिळत नाही. म्हणून ज्या तरुणांनी केवळ दृक्श्राव्य फितींवर विसंबून भांडवल गुंतविले, त्यांच्याविषयी कळकळ वाटते. प्रथम एका लहान टाकीवर वर्षभर हात बसवावा, हेच त्यांना सांगावेसे वाटते.

| चौकट : टाकी सुरू करण्यापूर्वी |
|---|
| प्राणवायू सूर्योदयापूर्वी मोजावा. दुपारचा आकडा फसवा असतो. |
| अमोनिया आणि पाण्याची आम्लता एकत्र पाहावी. एकट्या आकड्यास अर्थ नाही. |
| सूक्ष्मजीवांच्या वसाहती बसावयास काही आठवडे लागतात. तोवर टाकीत पूर्ण संख्येने मासे सोडू नयेत. |
| वीज गेल्यावर पंप किती मिनिटांत सुरू होतो, हे मासे सोडण्याआधी तपासावे. |

खाद्य कोठून आणावयाचे?

विष्ठेची व्यवस्था लागली तरी हिशेब अर्धाच राहतो. जिताडा किंवा कोळंबी यांच्या खाद्यात मासळीची भुकटी असते, आणि ती भुकटी मंगळूर-उडुपीच्या किनाऱ्यावर तारली आणि जाळ्यात सापडलेली लहान पिल्ले दळून केली जाते. समुद्रातील मासे वाचविण्यासाठी म्हणून तळ्यात मासे वाढवावयाचे, आणि त्या माशांना पोसण्यासाठी समुद्र उपसावयाचा, हा मार्ग फार काळ चालणारा नाही. २०२२ मध्ये जगात पाळलेल्या जलचरांचे उत्पादन पकडलेल्यांपेक्षा प्रथमच अधिक झाले. तेव्हा खाद्याचा हा प्रश्न आता लहान राहिलेला नाही.

बंगळूरच्या जवळच त्याचे एक उत्तर पडून आहे. रामनगर आणि शिडलघट्टा या रेशीम कोषांच्या मोठ्या बाजारपेठा. कोषावरून धागा उकलून घेतल्यावर आत मेलेला किडा उरतो. वाळविल्यावर त्यात निम्म्याहून अधिक प्रथिने निघतात. चरबी मात्र पुष्कळ असते आणि ती लवकर खवट होते, म्हणून तेल काढून उरलेला चोथा खाद्यात मिसळणे इष्ट. रेशमाच्या गावी ज्याचा वास नकोसा होतो, तोच किडा माशांच्या खाद्यातील समुद्री भुकटीची जागा बऱ्याच अंशी घेऊ शकतो.

दुसरा मार्ग तळ्यातच खाद्य उगवण्याचा. १९६९ मध्ये बंगळूरच्या कृषी विद्यापीठाच्या आधाराने मंगळूरला स्थापन झालेल्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात संशोधकांनी उसाच्या चिपाडासारखे पदार्थ पाण्यात टांगून पाहिले. त्यांवर सूक्ष्मजीवांचा तोच बुळबुळीत थर बसतो, आणि रोहूसारखे मासे तो खरवडून खातात. बाहेरचे खाद्य कमी लागते. ऊस पिकविणाऱ्या आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या शेततळ्यांना याहून सोपा प्रयोग मिळणार नाही.

तिसरा मार्ग जातीच्या निवडीचा. १८९४ मध्ये बंगळूरला पाणी देण्यासाठी अर्कावतीवर बांधलेल्या हेसरघट्टा जलाशयाच्या परिसरात, भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेचे प्रादेशिक संशोधन केंद्र आहे. दक्षिणेकडील नद्यांतील देशी कार्पांचे प्रजनन हा त्याचा एक मुख्य विषय. त्यांपैकी हिप्सेलोबार्बस पुल्केलस ही जात पाणगवत खाते. चीनहून आलेला गवत्या मासा जे काम करतो ते या मातीतला मासा करू शकेल, आणि दुर्मीळ होत चाललेली जातही टिकेल.

याच्या अगदी उलट टोकाचा मासा म्हणजे आफ्रिकन मांगूर. तो हवेतील प्राणवायू घेऊ शकतो, म्हणून सडक्या पाण्यातही जगतो, आणि कत्तलखान्याचे अवशेष टाकून तो वाढविला जातो. भारतात २००० सालापासून त्याच्या पालनास बंदी आहे. तरी बंगळूरच्या परिसरात, आणि आपल्याकडे भिवंडी-इंदापूरकडेही, त्याची चोरटी तळी सापडत राहिली. ओढ्यात निसटला तर तो देशी मासे फस्त करतो. पाणी सुधारण्याऐवजी घाण सोसणारा मासा शोधणे हे मत्स्यशेतीचे अधःपतन होय.

शिंपले : ज्यांना खाद्य लागत नाही

समुद्रकिनारी मात्र निसर्गाने उरलेले खाणारा कामगार आयता दिला आहे. शिणाणे आणि कालवे खाडीचे पाणी आत घेतात, त्यातील प्लवक गाळतात आणि स्वच्छ पाणी बाहेर सोडतात. एक शिणाणी तासाला काही लिटर पाणी गाळते. तिला खाद्य घालावेच लागत नाही.

केरळातील कासरगोड जिल्ह्यात पदन्ना, चेरुवत्तूर येथील महिलांचे गट गेल्या शतकाच्या अखेरीपासून ही शेती करीत आहेत. पद्धत पाहण्यासारखी आहे: दोरीभोवती बोटाच्या पेराएवढी पिल्ले ठेवून त्यांवर सुती जाळी शिवतात आणि दोरी बांबूच्या मांडवाला खाडीत टांगतात. काही दिवसांत सुती जाळी पाण्यात कुजून गळते, परंतु तोवर पिल्लांनी आपल्या चिवट धाग्यांनी दोरी धरलेली असते. पावसाळ्यात गोडे पाणी शिरून खाडीचा खारेपणा उतरण्यापूर्वी, पाच-सहा महिन्यांत, पीक काढतात. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने बचतगटांनी कालवे, शिणाणे आणि खेकडे यांचे असेच प्रयोग केले. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने पिंजऱ्यातील माशांभोवती समुद्री शैवालाचे तराफे लावून माशांनी सोडलेले नत्र शैवालाकडून उचलविले. जक्कूरची पाणथळ आणि हे तराफे यांत तत्त्वतः काही अंतर नाही.

इजाऱ्याच्या कागदात काय असावे

कर्नाटकात तलावांतील मासेमारीचा हक्क सरकारदरबारी लिलावाने, मुदतीच्या इजाऱ्यावर दिला जातो. इजारदाराला मुदतीत जास्तीत जास्त मासळी हवी असते. पाणथळीतील जलपर्णी कोणी कापावी, पहाटेचा प्राणवायू कोणी मोजावा, वरच्या अंगाने कच्चा मैला शिरू लागला तर कोणी कळवावे, हे ठरले नसेल तर तलावाशी संबंध असलेला प्रत्येक जण ते दुसऱ्यावर सोडतो. मासे मेले की नुकसान प्रथम इजारदाराचे होते. म्हणजे पाण्यावर लक्ष ठेवण्याची गरज सर्वांत आधी त्यालाच आहे. तेव्हा काढलेल्या मासळीचे वजन, कापलेल्या वनस्पतींचे वजन आणि सूर्योदयापूर्वीच्या प्राणवायूची साप्ताहिक नोंद या तीन गोष्टी इजाऱ्याच्या अटींत याव्यात, आणि नोंद नीट ठेवणाऱ्यास इजाऱ्याच्या रकमेत सूट मिळावी. यासाठी निराळी योजना काढावयास नको. प्रत्येक तलावाची मुदत केव्हा तरी संपते आणि नवे करारपत्र लिहावेच लागते. ही कलमे त्या वेळी त्यात घालता येतील.